धनी मुंबईला, लावणी दारात



यंदाच्या जुलैमधली गोष्ट. आमच्या गटातल्या एकीचा नवरा सात दिवसांसाठी मुंबईला गेला. त्याच्या भावाचं ऑपरेशन होतं, जाणं भागच होतं. पण नेमकी लावणी दारात आलेली. पॉवर टिलरवाला "उद्या येतो" म्हणत तीन दिवस झुलवत होता, म्हैस व्यायला टेकलेली, धाकट्याला ताप आणि सासूचा गुडघा सुजलेला. पुढच्या बैठकीला ती आली तेव्हा हप्त्याचे पैसे मोजता मोजता तिचे डोळे मिटत होते. म्हणाली, "आठवडा निभावला, पण आता हाडं बोलायला लागली आहेत."

कोपऱ्यात आमच्या गटातल्या सगळ्यात वयस्क आजी पाय पसरून बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "बाय माझे, तुझा एक आटवडा. आमचा आटवडा शिमग्याला लागायचा तो गणपतीला सरायचा."

आधी आम्ही हसलो. मग आजी बोलत गेल्या आणि त्या दिवशीचं कर्जाचं बोलणं राहूनच गेलं. घरी गेल्यावर आमच्यातल्या दोघी-तिघींनी जुनी पुस्तकं, जनगणनेचे आकडे, कायद्यांची पुस्तकं चाळली. आजी जे सांगत होत्या ते एकट्या त्यांच्या घरचं नव्हतं. शंभर-सव्वाशे वर्षं रत्नागिरी जिल्ह्यातल्या हजारो घरांत हेच चाललं होतं. आजचं बोलणं त्याविषयी.

आपल्या जिल्ह्यातले पुरुष बाहेर जायला लागले ते गिरण्या निघाल्यावर, असं आपण समजतो. ते त्याआधीपासूनच जात होते. इंग्रजांच्या मुंबई फौजेत कोकणातल्या शिपायांची भरती मोठी होती. दापोलीला आपण अजून 'कॅम्प' म्हणतो, ते लष्करी छावणीमुळेच. पुढे १८५४ मध्ये कावसजी दावर यांनी मुंबईत पहिल्या कापड गिरणीची उभारणी सुरू केली, १८५६ मध्ये ती चालू झाली, आणि मग परळ, लालबाग, भायखळा, वरळी या बाजूला गिरण्यांची धुराडी एकामागून एक उभी राहिली. त्यांना माणसं हवी होती. आपल्याकडे माणसं होती आणि पोटापुरतं भात नव्हतं. जमीन डोंगरउताराची, खाचरं तुकड्या-तुकड्यांची, पीक पावसाळ्यातलं एकच. त्यात बऱ्याच गावांत खोती. कुळानं पिकवायचं आणि निम्मा नाहीतर तिसरा हिस्सा खोताच्या कोठारात घालायचा. वर वेठ. शेतसारा, लग्नखर्च, सावकाराचं व्याज यांना रोख पैसा लागायचा आणि तो गावात नव्हता.

१९२१ च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या पावणेबारा लाखांच्या आसपास होती. त्यातले दोन लाखांहून जास्त लोक जन्मानं रत्नागिरी जिल्ह्यातले होते. (तेव्हाच्या रत्नागिरीत आजचा सिंधुदुर्गही येतो. तो १ मे १९८१ ला वेगळा झाला.) म्हणजे मुंबईत सहा माणसं भेटली तर त्यातला एक तरी आपल्याकडचा. आणि त्याच मुंबईत दर हजार पुरुषांमागे बायका किती, तर सव्वापाचशेच्या आसपास. बाकीच्यांच्या बायका कुठे होत्या? त्या इथे होत्या. खाचरात.

गिरणीतल्या पगारात मुंबईत बिऱ्हाड थाटणं बहुतेकांना परवडत नव्हतं. एका खोलीत एकाच गावचे दहा-पंधरा गडी राहायचे, पाळीनुसार झोपायचे. गावकीनं घेतलेल्या अशा खोल्या गिरणगावात कित्येक होत्या. काही बायकाही गेल्या. गिरण्यांत साधारण पाच कामगारांमागे एक बाई असायची, असा तो काळ होता. पण बहुतेक घरांचा हिशेब ठरलेला होता. गड्यानं पैसा पाठवायचा, बाईनं भात पिकवायचं, सासू-सासरे आणि पोरं सांभाळायची.

मग आता लावणीचा आठवडा बघू.

आगोटीची तयारी वैशाखातच करावी लागे. लाकूडफाटा आणि शेणी कोरड्या जागी रचायच्या, मीठ-मिरची-सुकी मासळी भरायची, घर शाकारून घ्यायचं, दाढ भाजायची. हे बघायला कधी कधी धनी असायचा, कारण लग्नसराईला रजा टाकून पुष्कळ जण येत. पण जूनच्या तोंडाला तो परत जायचा, आणि मग एक गोष्ट घडायची जी आज विसरली गेली आहे. समुद्र बंद व्हायचा. मुंबईहून हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ला अशी बंदरं घेत जाणारी आगबोट हाच तेव्हाचा हमरस्ता. बोट खोल पाण्यात उभी राहायची आणि पडावातून माणसं किनाऱ्याला यायची. पावसाळ्यात ही वाहतूक बंद. उरायचा तो घाट. चिपळूणच्या माणसानं कुंभार्ली चढून कऱ्हाडला जायचं आणि तिथून रेल्वे धरायची. म्हणजे घरात सगळ्यात जास्त काम, तेव्हाच घरचा माणूस सगळ्यात लांब.

आणि मनात आणलं असतं तरी त्याला येता आलं असतं का? गिरणीत बदलीची पद्धत होती. एखादा गैरहजर राहिला की दारात उभ्या असलेल्या बदली कामगाराला त्याच्या जागी घ्यायचे. जॉबर खूश नसेल तर परत आल्यावर साचा दुसऱ्याचा झालेला असायचा. लावणीसाठी पंधरा दिवस येऊन नोकरी गमवायची, हे कोणाला परवडणार?

तर मग लावणीला जोत कोण धरायचं? बाईनं नांगराला हात लावायचा नाही ही रीत. हा आजींच्या सगळ्या गोष्टीतला कळीचा मुद्दा आहे. बाई तरवा काढायची, मुठी बांधायची, डोक्यावरून वाहायची, वाकून दिवसभर लावायची. पण चिखलणीसाठी तिला बैल आणि नांगरणारा गडी दुसऱ्याकडून मिळवावा लागायचा, आणि वाडीत गडी तर चार-पाचच उरलेले, म्हातारे किंवा मिसरूड न फुटलेले. आजी सांगतात, एक दिवस जोत मिळवायचं तर त्या घरच्या शेतात आपण तीन दिवस लावणी करून फेडायची. "त्यांचं आधी, आमचं मागनं," आजी म्हणाल्या. पाऊस काही आजींसाठी थांबायचा नाही. आधी लावलेलं भात जोमात यायचं, मागून लावलेलं पिवळं पडायचं, आणि गणपतीला येऊन धनी विचारायचा, "आपलंच शेत असं कसं?"

हे ऐकून आमच्यातली एक रागानं म्हणाली, "मग नांगर धरायचा होता की!" आजी म्हणाल्या, "धरला होता. एकदा. सासऱ्यांनी दोन दिवस भाकरी खाल्ली नाय." पुढे काय झालं ते त्यांनी सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही.

पहाटे चारला उठायचं. भात कांडून ठेवलेलं नसेल तर आधी उखळाशी, नाहीतर नाचणीसाठी जात्याशी. चूल पेटवायची, लाकूड ओलं असलं की धुरानं डोळे भरायचे. शेण-गोठा, दूध, पेज, भाकऱ्या. विहिरीचं पाणी. तान्हं पोर झोळीत घालून शेताच्या बांधावरच्या झाडाला टांगायचं, त्याच्यावर जुनं इरलं कलतं ठेवायचं. मग दुपारपर्यंत दाढीत तरवा, दुपारनंतर खाचरात लावणी. संध्याकाळी गुरांना चारा कापून आणायचा. रात्री परत चूल. आणि पाऊस धो धो पडायला लागला की कंदील घेऊन बांध बघायला जायचं, कारण खेकड्यांनी बांध पोखरलेला असला तर एका रात्रीत खाचर रिकामं, आणि पाणी सोडलं कोणी यावरून शेजाऱ्याशी भांडण. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, त्यातला मोठा वाटा याच दिवसांत.

आमच्या वाडीत सोमवारी बैलांना जू लावत नाहीत. बैलाला पाळणूक आहे. बाईची पाळणूक कुठल्याच पंचांगात आम्हाला सापडली नाही.

आम्ही गटाची पाटी घेतली आणि आजींचा आठवडा मोजला. पहाटे चार ते रात्री नऊ, म्हणजे सतरा तास. त्यातला जेवणा-टेकण्याचा एक तास वजा केला. सोळा गुणिले सात, एकशे बारा.

आता त्याच काळातल्या गिरणीकडे बघा. आमच्यापैकी कोणालाच हे आधी माहीत नव्हतं. १९२२ च्या कारखाना कायद्यानं ठरवलं की मोठ्या माणसाकडून आठवड्याला ६० तासांहून आणि दिवसाला ११ तासांहून जास्त काम घ्यायचं नाही. आठवड्याची सुट्टी वेगळी. १९३४ च्या कायद्यानं बारमाही कारखान्यांत ६० चे ५४ तास केले. स्वातंत्र्यानंतर १९४८ च्या कायद्यानं ४८. यातला एकेक तास कमी करायला गिरणी कामगार लढले, संप झाले, लोक तुरुंगात गेले. ते फुकट मिळालेलं नाही आणि त्याबद्दल मनात आदरच आहे. पण एकाच घरातल्या दोन माणसांपैकी एकाचा आठवडा साठावरून अठ्ठेचाळीसवर आला आणि दुसरीचा एकशे बारावर होता तिथेच राहिला, कारण तो मोजायला कोणी आलंच नाही. सबंध देशात बायका-पुरुषांचा वेळ कशात जातो याची पाहणी सरकारनं केली ती २०१९ मध्ये. तिच्यात निघालं की घरकाम करणाऱ्या बायका दिवसाला सरासरी २९९ मिनिटं त्यात घालवतात आणि पुरुष ९७ मिनिटं.

मनीऑर्डरकडे वळू. कोकणाला 'मनीऑर्डरवर जगणारा मुलूख' म्हणायची पद्धत पडली आहे. शाळेच्या पुस्तकातसुद्धा असं काहीतरी वाचल्याचं आमच्यातल्या शिकलेल्या पोरी सांगतात. १८८० पासून टपाल खात्यानं मनीऑर्डर सुरू केली आणि मुंबईचा पैसा खेड्यात दारापर्यंत यायला लागला हे खरं. त्याआधी गावचं कोणी येणारं असलं तर त्याच्या कनवटीला बांधून पैसे यायचे. पोस्टमन ओढे-वहाळ ओलांडत चालत यायचा. पाच रुपये, दहा रुपये. बाईनं अंगठा उठवायचा, साक्षीदार लागायचा, आणि फॉर्मच्या खालच्या तुकड्यावर धन्यानं लिहिलेल्या दोन ओळी पोस्टमननंच वाचून दाखवायच्या. पावतीचा कागद परत मुंबईला जायचा.

त्या दोन ओळींत सगळा संसार. आणि उत्तर? उत्तर लिहायला वाडीतला चौथीतला पोरगा किंवा मास्तर. आजी म्हणाल्या, "पोराला मी काय सांगणार? म्हस आटली, पोर बरा हाय, पाऊस बरा हाय. बाकीचा पोटात." सासूचं आणि आपलं पटत नाही, मधला दीर जमिनीवर डोळा ठेवून आहे, गेल्या महिन्यात दिवस गेले होते ते राहिले नाहीत, हे दुसऱ्याच्या पोराला कसं लिहायला सांगायचं?

पण मुद्दा पैशाचा. मनीऑर्डरनं घर चालायचं, की घरानं गिरणी चालायची? हे आमचं टोक जरा जास्त वाटेल, म्हणून सांगतो. राजनारायण चंदावरकर यांनी मुंबईच्या कामगारांचा इतिहास लिहिला. त्यांनी दाखवून दिलं आहे की कामगार गावाशी नातं टिकवून होता ते जुन्या सवयीपायी नव्हे. गिरणीत कामाचा भरवसा नव्हता, आजारपणात, मंदीत, संपात आधार नव्हता. तो आधार गावाकडचं घर होतं. आम्ही एवढंच पुढे म्हणतो की गावाकडचं घर म्हणजे कौलं आणि भिंती नव्हेत. तिथे एक बाई होती. पोरांना खायला ती पिकवत होती, म्हणून गिरणीमालकाला फक्त एकट्या गड्याच्या पोटापुरता पगार देऊन भागत होतं. म्हातारे झाले, खोकला लागला, हात साच्यात गेला की गिरणीनं गावाला पाठवायचं आणि सांभाळायचं कोणी, तर परत तिनंच.

१९२८ मध्ये मुंबईच्या गिरण्यांचा मोठा संप झाला. तो एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत चालला. कामगार मोठ्या संख्येनं गावी आले. म्हणजे लावणीच्या वर्षभराच्या हिशेबात एकाएकी खाणारी तोंडं वाढली, मनीऑर्डर बंद, पण जोत धरायला हातही आले. आजींची सासू सांगायची, त्या वर्षी आमची लावणी वेळेत झाली.

१८ जानेवारी १९८२ चा संप आमच्यातल्या पुष्कळ जणींना स्वतःला आठवतो. डॉक्टर दत्ता सामंतांच्या मागे अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. तो संप रीतसर मागे असा घेतलाच गेला नाही, नुसता विरत गेला. आजींचे यजमान तेव्हा सूतखात्यात होते. महिना गेला, दोन गेले, मग ते ट्रंक घेऊन आले आणि पुन्हा गिरणीत गेले नाहीत. पण थोरला मुलगा शिक्षणासाठी खोलीवर राहिला होता. आजी म्हणाल्या, त्या साली मनीऑर्डर उलटी झाली. गावातून कोणी मुंबईला निघालं की त्याच्याकडे तांदळाची गाठोडी, कुळीथ, आमसुलं. आमच्यातल्या एकीला आठवतं की तिच्या आईनं पाटल्या मोडल्या त्याच वर्षी. त्या परत झाल्या नाहीत.

मुंबईतही गड्यांच्या पोटाची सोय बायकाच बघत होत्या हे इथे सांगायला हवं. खोलीत चूल नसायची, म्हणून दहा-वीस जणांनी एका बाईकडे खानावळ लावायची. त्या बाईचा नवरा बहुधा गेलेला, आजारी किंवा बेकार. संपात खाणाऱ्यांचे पैसे थकले की तिचंही कंबरडं मोडायचं, वाण्याचं व्याज डोक्यावर. प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये या खानावळवाल्यांची संघटना बांधली, अन्नपूर्णा महिला मंडळ, आणि त्यांना बँकेचं कर्ज मिळवून दिलं. आपल्या बचत गटांच्या खूप आधीची ही गोष्ट. तिच्यावर एक वेगळा कार्यक्रम करायचं आमच्या मनात आहे.

मुंबईत राहून एकटीनं घर ओढणाऱ्यांत आपल्या दापोलीजवळच्या वणंदची एक लेक होती. रमाबाई आंबेडकर. जन्म १८९८ चा. वडील दाभोळ बंदरातून मासळीच्या टोपल्या वाहायचे. बाबासाहेब १९१३ ते १९१७ अमेरिकेत आणि लंडनमध्ये, पुन्हा १९२० ते १९२३ लंडनमध्ये शिकत होते, तेव्हा मुंबईच्या चाळीत रमाबाई घर चालवत होत्या. आठवडा नव्हे, महिने नव्हेत, वर्षं. पाच मुलांपैकी एकटे यशवंत जगले. १९३५ मध्ये त्या गेल्या. बाबासाहेबांनी पाकिस्तानविषयीचा आपला ग्रंथ त्यांच्या आठवणीला अर्पण केला आहे. मोठ्या माणसाच्या चरित्रात अशा बाईला एक परिच्छेद मिळतो, आणि इथे आम्हीही तेच करतो आहोत याची आम्हाला जाणीव आहे.

बाबासाहेबांचं नाव निघालंच आहे तर जमिनीकडे येऊ, कारण सगळ्यात जास्त दुखणारी गोष्ट तिथे आहे. खोती संपवण्याचं विधेयक त्यांनी १९३७ मध्ये मुंबईच्या विधिमंडळात मांडलं. ते तेव्हा पार पडलं नाही. खोती कायद्यानं संपली ती १९४९ च्या कायद्यानं. त्याच सुमाराला, १९४८ मध्ये, कुळकायदा आला, आणि पुढे १ एप्रिल १९५७ ला जो कूळ म्हणून जमीन स्वतः कसत होता तो तिचा मालक झाला असं मानलं गेलं. मोठी गोष्ट होती. खोताच्या कोठाराची वाट बंद झाली.

पण 'स्वतः कसणं' म्हणजे काय? कायद्यानं त्याची व्याख्या दिली आहे. स्वतःच्या मेहनतीनं, किंवा कुटुंबातल्या कोणाच्याही मेहनतीनं कसली तरी ती 'स्वतः' कसलेलीच. कायदा करणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता, उलट मुंबईला गेलेल्या गरीब कुळाची जमीन जाऊ नये म्हणून हे कामाला आलं. पण खाचरात उभं राहून ही व्याख्या वाचा. बारा महिने मुंबईत असलेला धनी 'स्वतः' कसत होता, कारण त्याची बायको कसत होती. तिच्या मेहनतीवर जमीन त्याची झाली, आणि कागदावर ती स्वतः कुठेच नाही. सातबाऱ्यावर सासऱ्यांचं नाव, मग नवऱ्याचं, दिरांचं.

आजींचे यजमान गिरणीतून परतल्यावर सहाच वर्षांत वारले. दिरानं सांगितलं, "वहिनी, तुझं काय या जमिनीत? तू तर खाऊनपिऊन होतीस." तीस वर्षं ज्या बाईनं लावणी केली तिला हे ऐकायला लागलं. एका कार्यालयात त्यांना विचारलं गेलं, जमीन तुम्ही कसत होता याला पुरावा काय? आजींनी टेबलावर दोन्ही हात उताणे ठेवले. त्याची कुठे नोंद होत नाही. शेवटी वाडीतल्या एका शिक्षकांनी समजावलं की कसण्याचा पुरावा लागतच नाही. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानं नवऱ्याच्या हिश्श्यात विधवा पहिल्या वर्गाची वारस आहे, मुलांच्या बरोबरीनं. मृत्यूचा दाखला आणि वारस नोंदीचा अर्ज, एवढंच हवं होतं. हे समजायला आणि नाव लागायला चार वर्षं गेली. ऐकणाऱ्यांपैकी कोणाची वारस नोंद राहिली असेल तर त्यांनी थांबू नये. गाव नमुना सातवर तुमचं नाव आहे का ते या महिन्यात बघून घ्या.

आता रेल्वे आहे. २६ जानेवारी १९९८ पासून कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावते आहे, रात्री बसलेला माणूस सकाळी मुंबईत असतो. आगबोटी गेल्या, फोन आले, पैसे फोनवर येतात. तरीही २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात हजार पुरुषांमागे ११२२ बायका आहेत. मुली जास्त जन्मतात म्हणून हे नाही, हे आपण जाणतो. गडी अजून बाहेर आहेत. २०२१ पासून ई-पीक पाहणी आली. आपल्या पिकाची नोंद आपणच मोबाईलवर करायची. नोंद खातेदाराच्या नावावर, आणि फोटो शेतात उभं राहून काढावा लागतो. आमच्या गटात नऊ जणींच्या घरी खातेदार मुंबई-पुण्यात आहे. फोटो कोण काढतं ते सांगायला नको.

आजींच्या पत्र्याच्या ट्रंकेत मनीऑर्डरच्या त्या खालच्या तुकड्यांचा एक गठ्ठा आहे, सुतळीनं बांधलेला. त्यांना वाचता येत नाही, म्हणून आम्ही वाचून दाखवले. पोस्टमननं एकदाच वाचलेलं ते साठ वर्षांनी त्यांनी परत ऐकलं. बैलासाठी जादा पाठवले आहेत. आईस औषध आणणे. तरवा कसा आहे ते कळवणे. एवढंच असतं. आजींची उत्तरं मात्र नाहीत. ती पत्रं गिरणगावातल्या खोलीवर गेली होती, खोली ज्या चाळीत होती ती चाळच आता उभी नाही.

म्हणून आमच्या गटानं एक वही घातली आहे. तिच्यात दर मोसमाचा एक आठवडा लिहायचा, कोणी कधी उठलं, काय केलं, किती तास. लावणीचा लिहून झाला, कापणीचा लिहायचा आहे. सुरुवातीला सांगितलं त्या आमच्या मैत्रिणीचा, एकटीनं काढलेला आठवडा एकशे चार तासांचा भरला. तुमच्याकडेही घरात असे तुकडे, पावत्या, जुनी पत्रं असतील तर केंद्रावर घेऊन या. आम्ही वाचून, लिहून घेऊ आणि कागद तुमचे तुम्हाला परत देऊ.

हे बोलणं तयार झाल्यावर आम्ही आजींना वाचून दाखवलं. त्यांनी सगळं ऐकलं आणि म्हणाल्या, एकशे बारा चुकलं. रात्री बांध बघायला उठायचो ते तुम्ही धरलंच नाही.